शेंदराखालचा नंबर

आमच्या आप्पांनी आयुष्यात दोन वस्तू कुणाच्या हातात दिल्या नाहीत. एक दाढीचा वस्तरा आणि दुसरी गाडीची किल्ली. वस्तरा मी कधी मागितला नाही. किल्ली मात्र पाच वर्षं मागत होतो आणि पाच वर्षं एकच उत्तर ऐकत होतो. "तू खडू धर. स्टिअरिंग मन्हं काम शे."

मी मास्तर आहे. म्हसावदपासून थोडं आत एका अंशतः अनुदानित शाळेत शिकवतो. अंशतः अनुदानित म्हणजे काम पूर्ण आणि पगार सरकारला आठवेल तेवढा. आप्पा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. साहेब बदलत गेले, जीप बदलल्या, आप्पा तेच राहिले. तोरणमाळचा घाट त्यांनी धुक्यात, पावसात, दरड कोसळलेली असताना चढवला, आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. हे ते स्वतः सांगत नसत. पण दुसऱ्या कुणी सांगितलं, तर 'हं' म्हणून मिशीवरून हात फिरवत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी शहाद्याच्या एका डॉक्टरांची नऊ वर्षं वापरलेली गाडी घेतली. पांढरी, लहान, पाच दारांची. मला वाटलं, चला, आता तरी आपल्याला चालवायला मिळेल. कसलं काय. मी चाळिशीला टेकलेला माणूस, घरात गाडी, आणि मी मागच्या सीटवर वांग्यांच्या पिशवीशेजारी. शेवटी शहाद्याला जाऊन गुपचूप ड्रायव्हिंग शिकलो, लायसन काढलं आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "फोटो चांगला शे," म्हणाले, आणि परत दिलं. त्या दिवशी मनात जी अढी बसली ती नंतर निघाली नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी आप्पांना अर्धांगवायू झाला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळीच गेली. तोंडातून नुसता आवाज निघायचा, त्याला शब्द नसायचे. डावा हात तेवढा शाबूत राहिला. माझ्या मायने खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली, म्हणाली, "आते तूच चालाड." ही किल्ली मी मिळवली नव्हती. आणि ती द्यायला आप्पांनी मान हलवली होती असंही नाही.

सोमवारी आणि गुरुवारी त्यांना शहाद्याला व्यायामाच्या डॉक्टरांकडे न्यायचं असे. पहिल्यांदा आम्ही काळीपिवळी जीप करून पाहिली. बारा माणसांत आप्पांना कोंबलं, तेव्हा ते अर्ध्या वाटेत एका बाजूला कलंडले आणि शेजारच्या बाईच्या मांडीवर त्यांचं डोकं गेलं. त्यानंतर त्यांनी जीप पाहिली की डोळे मिटून घ्यायचे. आपल्या गाडीची पुढची सीट मात्र पूर्ण मागे सरकायची, पाठ कलती व्हायची, आणि आप्पा तिथे बसले की माणसात यायचे. नजर रस्त्यावर, डावा हात गुडघ्यावर. मी गिअर बदलायला उशीर केला की तो हात गुडघ्यावरच गिअर टाकायचा. ते पाहून माझं डोकं फिरायचं. पण त्यांचा पाय सुधारत होता, हे खरं. दांडीला धरून आधी चार पावलं, मग सात. थंडी संपता संपता दांडी सोडून दोन. डॉक्टर म्हणाले, "आता खंड पडू देऊ नका. खंड पडला तर पाय आखडेल, मग आपल्या हातात काही राहणार नाही."

आणि नेमकी त्याच फाल्गुनात गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती. पंधरा वर्षांची गाडी तपासणीला न्यायची, ती धड आहे असं साहेबांनी म्हटलं तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाहीतर भंगारात. दुसरी गाडी घेण्याची माझी ऐपत नव्हती. म्हणजे ही गाडी पास झाली तरच आप्पांचा पाय चालणार होता.

आमचा मिस्तरी डोंगरातला. तोरणमाळच्या वाटेवर त्याचं घर. ऊस तोडायला गुजरातेत गेला होता, तिथे कोयता टाकून पाने हातात घेतले आणि दहा वर्षांनी परत येऊन रस्त्याकडेला बाभळीखाली गॅरेज थाटलं. बाभूळ, पत्र्याचं शेड, आणि एक खड्डा. हुशार माणूस, आणि मुख्य म्हणजे खोटं बोलायचा नाही. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "सर, व्हयी जाई. पन नवा माल नको. जुनाच दखू."

मग आमचं अंथरूण पाहून पाय पसरणं सुरू झालं. अक्कलकुव्याला हायवेवर जुन्या मालाची दुकानं आहेत. तिथून दोन टायर आणले, वापरलेले, पण नक्षी शिल्लक असलेले. दुकानदाराने दिव्याच्या उजेडात बोटाने नक्षी दाखवली, सोनार दागिना दाखवतो तशी. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. त्या मायने टूथपेस्टने घासल्या, ओट्यावर बसून, भांडी घासावीत तशा, आणि खरंच पांढऱ्या केल्या. पायाखालचा पत्रा गंजून भोक पडलं होतं, तिथे तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रिबिटने ठोकला. डब्यावरच्या भुईमुगाच्या शेंगांचं चित्र आतल्या बाजूला आलं. इंडिकेटरची वायर उंदरांनी खाल्ली होती. सायलेन्सरला वेल्डिंग झालं. सीटबेल्ट अडकून बसला होता, कारण साहेबांच्या गाडीत जन्म काढलेल्या आप्पांनी तो कधी लावलाच नव्हता. मिस्तरीने तो ओढून काढला तेव्हा त्यातून वाळलेली बडीशेप पडली.

घरी जेवढं चालायचं तेवढं आप्पा खुर्चीतून पाहत असायचे. मी त्यांना गॅरेजला नेत नव्हतो, पण मिस्तरी म्हणाला, "आप्पासले आना. त्यासनी गाडी शे." एकदा नेलं. कालव्याच्या चढावर हॅण्डब्रेक पाहायचा होता. मिस्तरी गाडी चालवत होता, आप्पा शेजारी, मी मागे, म्हणजे माझ्या जुन्या जागेवर. थोडं पुढे गेल्यावर आप्पांनी डावा हात वर केला आणि एक बोट खाली, पुढच्या चाकाकडे दाखवलं. घशातून आवाज काढला. मी म्हणालो, "काही नही, त्यासले सवय शे." मिस्तरीने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, गाडी उतारावर नुसती सोडली आणि कान खिडकीबाहेर काढला.

"सर, डावं चाक," तो म्हणाला. "आप्पा बरोबर सांगी ऱ्हायनात. बेरिंग गयी."

बेरिंग खरंच गेली होती. मिस्तरीने ती काढून आप्पांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बोटांनी फिरवून पाहिली आणि मान डोलावली. दोघांचं न बोलता चाललं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. एक म्हणजे खर्च वाढला. दुसरं म्हणजे, ज्या माणसाची वाचा गेली तोसुद्धा एका परक्या माणसाशी बोलू शकत होता आणि माझ्याशी नाही. तेव्हा मला असंच वाटायचं. त्यांचं बोलणं ऐकायला मी कधी इंजिन बंद केलं नव्हतं, हे मात्र सुचलं नाही.

आता शेंदराबद्दल सांगतो.

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते तशी सगळ्यांकडेच होते. बॉनेटवर हळदीकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. ते सगळं माय करायची. पण आप्पा त्यानंतर बॉनेट उघडायचे, वाटीत शेंदूर घेऊन शेंगदाण्याच्या तेलात कालवायचे, आणि आत, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर, एका ठरावीक जागी दोन बोटांनी लावायचे. तिथे कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दर दसऱ्याला एक थर. शिवारातल्या म्हसोबाच्या दगडासारखा तिथे शेंदराचा पापुद्रा चढला होता. मी त्याला हसायचो. तीस वर्षं इंजिन उघडून पाहिलेला माणूस, आणि इंजिनात देव बसवतो. एकदा तसं म्हणालोही. आप्पा म्हणाले, "तुले नही समजाव." इतकं पुरेसं असायचं त्यांना.

तपासणी मंगळवारची ठरली होती. त्याआधीच्या आठवड्यात होळी आली. डोंगरात होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आणि मग होळी म्हटली की तिकडचा माणूस जगाचं काहीही होवो, घरीच असतो. मिस्तरीने शेड बंद केलं. जाताना मला सांगून गेला, "सर, आतला नंबर दिसाले पाहिजे. साहेब त्यावर कागद ठेवी पेन्सिलघाई छाप लेस. तो शेंदूरखाले शे. सोमवारे मी उनू का राकेलघाई पुसी देसू. तवलोंग तुम्ही हात लावू नका."

आतला नंबर म्हणजे कंपनीने पत्र्यात ठोकलेला चासी नंबर. यात न समजण्यासारखं काय आहे? चौथीतल्या मुलालाही समजेल. राकेलने पुसायचं. सोमवारी. मी येतो, तुम्ही हात लावू नका.

पण रविवार होता, मला सुट्टी होती, गाडी अंगणात धुऊन उभी होती, आणि पुसण्यासारख्या कामासाठी सोमवारपर्यंत थांबायचं? पी हळद आणि हो गोरी, असा माझा स्वभाव. शिवाय खरं सांगायचं तर त्या शेंदरावर माझा राग होता. त्या जागेला हात लावायला मला पाच वर्षं बंदी होती.

आधी स्क्रूड्रायव्हरने पापुद्रा उचकटला. ढलप्या पडल्या. खाली केशरी चिकट थर राहिला, आकड्यांच्या खाचांत भरलेला. फडक्याने निघेना. घरात राकेल नव्हतं, आणायला कोण जाणार. मी पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागलो.

आप्पा ओट्यावर खुर्चीत होते. पॉलिश पेपरचा आवाज ऐकल्याबरोबर त्यांच्या घशातून मोठा आवाज निघाला. मी वर पाहिलं नाही. परत आवाज. मग त्यांनी डाव्या हातात काठी घेऊन ओट्याच्या फरशीवर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा.

माय आतून आली. "आप्पा काही सांगी ऱ्हायनात रे. दख तरी जरा."

मला वाटलं, देवाचा शेंदूर खरवडतोय म्हणून ओरडतायत. त्यांना इंजिनाची नाही, देवाची पडलीये. माझ्या डोक्यात एकदम सगळं उसळलं. लायसनच्या फोटोपासून वांग्यांच्या पिशवीपर्यंत सगळं. मी हातातला पेपर दाखवत म्हणालो, "आप्पा, जलमभर या गाडीले हात लावू दिधा नही. आते मी लावी ऱ्हायनू. आते तरी गप बसा."

ते गप्प बसले.

आपण ज्याला गप्प करतो तो माणूस इतक्या लवकर गप्प झाला की बरं वाटत नाही. पण मी घासत राहिलो. शेंदूर निघाला, खालचा पत्रा चकचकीत झाला. नंबर थोडा पुसट झाल्यासारखा वाटला. म्हटलं, पंधरा वर्षांची गाडी, पुसट असणारच. पत्रा उघडा राहिला तर गंजेल म्हणून वरून चंदेरी रंगाचा एक हातही मारला. लांबून पाहिलं. फार सुरेख दिसत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी शाळेत कितीदा शिकवली असेल.

संध्याकाळी माय म्हणाली, "आज भाकर बी खाधी नही त्यासनी." मी म्हणालो, भूक नसेल. "वाचा गयी शे, अक्कल नही गयी त्यासनी," ती म्हणाली आणि आत गेली.

मिस्तरी डोंगरातून सोमवारी यायचा होता तो आला मंगळवारी पहाटे, डोळे तांबारलेले, होळीचा रंग कानामागे तसाच. त्याने शेवटचं पाहून घ्यावं म्हणून बॉनेट उघडलं. बराच वेळ तो आत वाकून उभा राहिला.

"काय वापरं?" त्याने विचारलं.

"पॉलिश पेपर."

त्याने अंगठ्याच्या नखाने चंदेरी रंग थोडा खरवडला. मग बॉनेट हळूच लावलं. "आप्पासले इचारं व्हतं का?" एवढंच म्हणाला. उत्तराची वाट न पाहता तो टायरची हवा पाहायला गेला.

गाडी आप्पांच्या नावावर असल्यामुळे त्यांना न्यायलाच हवं होतं. मायने त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. नंदुरबारपर्यंतच्या रस्त्यात त्यांचा डावा हात गुडघ्यावर निपचित होता. मी दोनदा मुद्दाम उशिरा गिअर टाकला. हात हलला नाही.

तपासणीच्या मैदानावर रांग होती. उन्हात ट्रॅक्टर, टेम्पो, जुन्या जीपा, सगळे आपापल्या मालकांसारखेच दमलेले. तपासणारे साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान, शांत. त्यांनी दिवे पाहिले, इंडिकेटर पाहिले, हॉर्न वाजवायला लावला, ब्रेक दाबायला लावला. टायरच्या नक्षीत बोट घातलं. तेलाच्या डब्याचा पत्रा त्यांना दिसला, शेंगांचं चित्रही दिसलं, ते थोडे हसले. प्रत्येक गोष्टीवर ते कागदावर खूण करत होते आणि माझी छाती फुगत होती. मग म्हणाले, "बॉनेट उघडा."

त्यांनी नंबरवर कागद ठेवला आणि पेन्सिल फिरवली. कागद उचलला. त्यावर नुसता काळा पट्टा उमटला होता. पुन्हा ठेवला, पुन्हा फिरवली. मग चष्मा कपाळावर घेऊन ते आत वाकले.

"हे कोणी घासलं?"

एका पाइपच्या मागे माझा हात पोहोचला नव्हता. तिथे शेंदूर तसाच राहिला होता. त्यांनी शेजारच्या टेम्पोवाल्याकडून डिझेलचं फडकं मागितलं, तो भाग पुसला. शेंदूर विरघळून निघाला आणि खाली शेवटचे तीन आकडे दिसले. कालच ठोकल्यासारखे. कडा धारदार, गंजाचा एक ठिपका नाही.

"बघा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "या वयाच्या गाडीत हा पत्रा आधी गंजतो. तेलातला शेंदूर लावून कोणीतरी नंबर जपलाय. ज्याने हे लावलं त्याला गाडी कळत होती. आणि ज्याने घासलं त्याने बाकीचे आकडे नेले. नंबर खोडलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी, असं कायदा समजतो. कोणी घासलं हे मला लिहावं लागेल. पुढे चौकशी होते."

चौकशी हा शब्द ऐकल्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटली. डोळ्यांसमोर पोलीस ठाणं आलं, शाळा आली, हेडमास्तर आले. किती वेळ गेला माहीत नाही. फार नसेल. पण माझा मी हिशेब करायला पुरेल इतका गेला.

पुढच्या सीटवरून आवाज आला. आप्पांनी डावा हात उघड्या खिडकीतून बाहेर काढला होता. तो त्यांनी वर केला, मग उलटा फिरवून स्वतःच्या छातीवर ठेवला.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मांडीवर पडलेला उजवा हात पाहिला, मुडपलेली बोटं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं, आणि त्यांना समजलंय हे मला समजलं. तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटला, "मी घासलं, साहेब."

तो शब्द बाहेर यायला माझ्या अर्धांग झालेल्या बापाला हात वर करावा लागला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मायला तर नाहीच.

साहेबांनी माझं म्हणणं लिहून घेतलं आणि अर्ज थांबवला. त्यांचं काही चुकलं नाही. कंपनीचं पत्र, पोलिसांचा दाखला, मग नंबर पुन्हा ठोकण्याची परवानगी, असा रस्ता त्यांनी नीट समजावून सांगितला. तो रस्ता किती लांब आहे हे तेव्हा मला कळलं नाही. चार दिवसांनी गाडीची मुदत संपली आणि ती अंगणात कडुनिंबाखाली उभी राहिली.

पुढचा उन्हाळा मी सरकारी कचेऱ्यांच्या या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत काढला. आप्पांना पुन्हा जीपने नेऊन पाहिलं. त्यांनी दाराची दांडी धरली ती सोडलीच नाही, शेवटी जीपवाला म्हणाला, राहू द्या सर. सतरा मिनतवाऱ्या करून डॉक्टरांचा एक मदतनीस घरी यायचा, महिन्यात दोनदा, मग पावसात तोही बंद झाला. घरी मी व्यायाम घ्यायचो. माझे हात त्यांना लागले की त्यांचं अंग ताठ व्हायचं, आणि मला ते दुखण्यामुळे आहे की माझ्यामुळे, हे विचारायचं धैर्य होत नव्हतं. दोन पावलांची एक झाली. मग काठीने उभं राहणं गेलं. भाद्रपदात डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आखडला."

एका संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी बसलो आणि सगळं बोलून टाकलं. म्हणालो, तुम्ही नंबरसाठी काठी आपटत होता, मला वाटलं देवासाठी. म्हणालो, मन्हं चुकनं आप्पा. त्यांनी मान भिंतीकडे वळवली नाही. पण माझ्याकडेही केली नाही. आढ्याकडे पाहत राहिले. माफ केलं की नाही, हे मला अजून माहीत नाही, आणि ते शब्दांत सांगायचं साधनही त्यांच्याजवळ नाही.

दिवाळीच्या आठवड्यात परवानगी आली. मिस्तरीने गाडी चालू केली, टायरमध्ये हवा भरली. नवा नंबर ठोकला गेला. आप्पांऐवजी त्यांच्या डाव्या अंगठ्याचं संमतीपत्र नेलं होतं. तेच साहेब होते. पेन्सिल फिरवल्यावर सगळे आकडे स्वच्छ उमटले, त्यांनी कागद माझ्याकडे धरला आणि विचारलं, "वडील कसे आहेत?" मी म्हणालो, आहेत.

घरी आलो तेव्हा मायने न सांगताच वाटीत शेंदूर कालवून ठेवला होता. दसरा होऊन गेला होता, पण आमच्याकडे त्या वर्षी दसरा झालाच नव्हता. मी नव्या नंबरवर दोन बोटांनी जाड थर लावला. मग आत गेलो आणि तो कागद आप्पांच्या डोळ्यांसमोर धरला. गाडी पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालवायला लायक आहे, असं त्यावर लिहिलं होतं. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. आता त्यांना खाटेवरून उठवायला दोन माणसं लागतात, आणि कुठल्याही गाडीच्या सीटवर बसण्याइतका त्यांचा गुडघा वाकत नाही.

किल्ली खिळ्याला अडकवायला वळलो, तेव्हा त्यांनी डावा हात हलवून मला जवळ बोलावलं. किल्लीसाठी तळहात पुढे केला. मी किल्ली ठेवली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, बेरिंग चाचपली होती तशी, मग माझ्या हातात दिली आणि माझी शेंदराची बोटं तिच्यावर मिटवली.

पाच वर्षं मी ती किल्ली मागत होतो. त्या दिवशी मला ती त्यांच्या खिळ्यावर हवी होती.